घरात वाजवायचं वाद्य

आप्पांनी नाणं नवरीच्या तोंडावरून ओवाळलं, चार पावलं माझ्याकडे चालत आले आणि वरून सोडलं. हातात दिलं नाही. हाताला हात लागला असता. नाणं माझ्या मांडीवरच्या बुलबुलतरंगावर पडलं. तारा खणाणल्या. आख्ख्या अंगणानं तो आवाज ऐकला.

"घे," आप्पा म्हणाले. "बापावानी वाजीवतोस."

मी गोणपाटावर बसलो होतो. अंगणाच्या कडेला, बैलांच्या दावणीजवळ. शेजारी मांगवाड्यातला म्हातारा हलगीवाला धोंडिबा, आणि ताशा घेऊन त्याचा भाऊ. माझ्या अंगात टेरिलीनचा पांढरा शर्ट होता. कडक इस्त्रीचा. तो मी पाहुणा म्हणून घातला होता.

पाहुणाच होतो मी. सकाळी एसटीतून उतरेपर्यंत तरी माझी तशी समजूत होती.

बहात्तरचा दुष्काळ पडायच्या आदल्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. तेव्हाही मी आतासारखाच नागापूरच्या एका कारखान्यात लेथवर होतो. आयटीआय करून लागलो होतो. राहायला केडगावात खोली. रोज सायकलवर सगळं नगर ओलांडून जायचं आणि सगळं नगर ओलांडून परत यायचं. खोलीला एक दार, एक खिडकी, वर पत्रा. आत मी एकटा.

एकटं म्हणजे किती एकटं, ते सांगतो. कारखान्यात दिवसभर माझं नाव कुणी घेत नसे. "ए, तिकडचा रॉड उचल." "ए, हे बघ." एवढंच. खोलीवर आलं की शेजारच्या घरातून भांड्यांचे, पोरांचे, नवराबायकोच्या भांडणाचे आवाज यायचे. मला त्या भांडणाचासुद्धा हेवा वाटायचा. आपल्याशी भांडायला तरी कुणी असावं.

तेव्हा मी बुलबुल घेतला. नगरच्या बाजारात एका दुकानाच्या दाराशी टांगलेला होता. काही जण त्याला बेंजो म्हणतात. लाकडाची लांबट पेटी, वर टाइपरायटरसारखी बटणं, खाली तारा. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्या हातातल्या प्लास्टिकच्या तुकड्यानं तारा छेडायच्या. मला तो का आवडला, ते दुकानात उभा असतानाच कळलं होतं. ते वाद्य कुणाच्या वाट्याचं नव्हतं. देवळात लागत नाही, लग्नात लागत नाही, मयतीत लागत नाही. ते वाजवणं कुणाच्याच जातीवर लिहिलेलं नव्हतं.

शिकवायला कुणी नव्हतं. शेजाऱ्याच्या रेडिओवर काही लागलं की ते बटणांवर शोधायचो. निम्मं सापडायचं, निम्मं हरवायचं. मग शोधणं सोडून दिलं आणि माझंच वाजवायला लागलो. लेथ चालू असला की त्याचा एक सूर असतो. दिवसभर तो कानात भरायचा. संध्याकाळी घरी येऊन मी खालच्या तारा त्या सुराला लावायचो आणि वरच्या तारेवर जे सुचेल ते वाजवायचो. ते गाणं नव्हतं. त्याला शब्द नव्हते. मला वाजवता येतं असं म्हणणंसुद्धा जास्तच होईल. पण दिवसभर जे कुणाला सांगता आलं नाही ते त्यात निघून जायचं. मग भाकरी गोड लागायची.

आता बापाचं सांगायला हवं. त्याशिवाय हे कळणार नाही.

माझा बा सनईवाला. नामा सनईवाला म्हटलं की कर्जत तालुक्यातली दहा गावं ओळखायची. आमच्या भागात वाजवणं हे महारवाड्याचं काम होतं. लग्न असो, जत्रा असो, पाटलाच्या घरी बारसं असो, बोलावणं आलं की बा निघाला. ऊन म्हणायचं नाही, ताप म्हणायचा नाही. मांडवाच्या बाहेर बसायचं. सगळ्यांची जेवणं झाली की उरलेलं फडक्यात बांधून घ्यायचं. कुणी ओवाळून टाकलं तर उचलायचं आणि वर कपाळाला लावायचं.

पण आमच्या घरात ती सनई कधी वाजली नाही. एकदासुद्धा नाही. लाल कापडात गुंडाळून खुंटीला टांगलेली असायची. मी लहान असताना एकदा स्टुलावर चढून ती काढली आणि फुंकली. आवाज निघाला नाही, नुसती फुसफुस झाली. बानं कानाखाली वाजवली. म्हणाला, "ते आपलं न्हाई. ते गावाचं हाय."

सनई आमच्या खुंटीला आणि मालकी गावाची. बाच्या छातीतली हवासुद्धा गावाची. बाला स्वतःला कधी वाजवावंसं वाटलं का, हे त्याला कुणी विचारलं नसेल. त्यानंही स्वतःला विचारलं नसेल.

मग बाबासाहेबांनी दीक्षा घेतली. पाठोपाठ आमच्या वाड्यानंही घेतली. ढोरं ओढायची नाहीत, दवंडी द्यायची नाही, वाजवायचं नाही. सगळ्या बाप्यांनी बसून ठरवलं. दुसऱ्या दिवशी बानं सनई खुंटीवरून काढली, चावडीपुढच्या दगडावर ठेवली आणि वरून दुसरा दगड घातला. मी तिथं होतो. बा रडला नाही. मी रडलो. त्यानंतर गावानं आमचं काम तोडलं, पाणी तोडलं. आई कोसभर लांबच्या ओढ्यातून पाणी आणायची. त्या पाण्यानंच तिचा जीव घेतला असं बा म्हणतो. पण बा हटला नाही. पुन्हा कुणाच्या दारात गेला नाही. त्याच्या तोंडून पुन्हा साधी शीळसुद्धा मी ऐकली नाही.

म्हणून बुलबुलाचं मी बाला सांगितलं नव्हतं. सुट्टीत गावी जाताना तो खोलीवरच ठेवून जायचो.

विलास माझ्या शेजारच्या लेथवर होता. माझ्याच तालुक्यातला, बागायतदाराचा मुलगा. घरी विहीर, मोटार, ऊस. बापाशी पटलं नाही म्हणून कारखान्यात आलेला. मी कोण, हे त्याला माहीत होतं. मी लपवलं नव्हतं आणि त्यानं ते काढलं नव्हतं. एकदा सायकल पंक्चर झाली म्हणून तो माझ्या खोलीवर थांबला. बुलबुल दिसला तसा म्हणाला, "तुझा हाय? वाजव की लेका."

मी लाजत लाजत वाजवलं. तो भिंतीला पाठ लावून बसला होता. डोळे मिटून. मी थांबलो तर म्हणाला, "परत वाजव."

मला त्या दोन शब्दांचा केवढा आनंद झाला होता! नंतर तो अधूनमधून यायला लागला. यायचा, बसायचा, ऐकायचा, जायचा. मी त्याला दोस्त समजत होतो. अजूनही मला दुसरा शब्द सापडत नाही.

त्याच्या बहिणीचं लग्न ठरलं. कारखान्यात त्यानं सगळ्यांसमोर मला सांगितलं, "तू यायचंच. आन् बुलबुल घेऊन ये. घरी सगळ्यांना ऐकव."

मला आमंत्रण आलं होतं. बागायतदाराच्या घरचं, लग्नाचं, तोंडी आणि चारचौघांत. आठवडाभर मी कामावरून आलो की वाजवत बसलो. विलासच्या बहिणीला काय ऐकवावं, याचा विचार करत होतो. आहेराला भांडं घ्यावं असं आधी वाटलं होतं. मग वाटलं, भांडी तिला ढीगभर येतील. माझं वाजवणंच माझा आहेर. लग्नाच्या दिवशी पहाटे उठलो, बुलबुल नव्या कापडात गुंडाळला आणि एसटीत मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टरनं वर ठेव म्हटलं तरी ठेवला नाही.

अंगणात मांडव घातला होता. जाजमं अंथरली होती. पागोटी, फेटे, टोप्या. मी पाहुण्यांत जाऊन बसलो. विलासचे वडील, आप्पा, मंडळींना पान-सुपारी देत फिरत होते. माझ्यापाशी थांबले.

"कोन गाव?"

मी गाव सांगितलं.

"कुनाचा?"

"नामदेवाचा."

"म्हंजी नामा सनईवाल्याचा?"

"व्हय."

आप्पांचा चेहरा मोकळा झाला. ते चिडले नाहीत. त्यांना फक्त माझी जागा सापडली. "मंग हितं कुटं बसलास? तिकडं बस, वाजंत्र्यात." त्यांनी पुढे केलेलं पान-सुपारीचं तबक मागे घेतलं आणि शेजारच्यापुढे केलं.

विलास मांडवाच्या खांबाला केळीचा खुंट बांधत होता. त्यानं ऐकलं. आला आणि खाली बघत म्हणाला, "बस जरा तिथं. मी आलोच."

मी उठलो. का उठलो? दोस्तानं सांगितलं म्हणून उठलो. भर मांडवात त्याच्या बहिणीच्या लग्नात तमाशा नको म्हणून उठलो. वाटलं, तो येईल, म्हणेल, चल आत. तो आला नाही. धोंडिबानं गोणपाटावर सरकून मला जागा दिली आणि विचारलं, "नवीन काय म्हनायचं ह्ये?" मी बुलबुल दाखवला. त्यानं बोटानं एक बटण दाबून पाहिलं आणि हसला. त्या आख्ख्या अंगणात माणसासारखं माझ्याशी तेवढाच एक बोलला.

नवरीला हळद लावायला बाहेर आणलं. पाटावर बसवलं. बायका हळद लावत होत्या. मधेच तिनं माझ्याकडे बघितलं. "विलासदादा म्हनतो त्यो बुलबुल ह्योच का? वाजवा की भाऊ."

भाऊ म्हणाली. सगळं विसरायला मला तेवढं पुरलं. मी गोणपाटावर आहे, दावणीजवळ आहे, हे सगळं विसरलो. कापड सोडलं, बुलबुल मांडीवर घेतला आणि वाजवलं. आठवडाभर जे जमवलं होतं ते वाजवलं. बायकांचं बोलणं थांबलं. नवरी हळदीच्या तोंडानं ऐकत होती. मी शेवटची तार छेडली. मला बरं वाटत होतं. कुणाला तरी काही तरी दिल्यावर वाटतं तसं.

आणि मग ते नाणं.

नाणं तारांमध्ये अडकून राहिलं होतं. मी त्याच्याकडे बघत होतो. मला राग आला असं आता मी म्हणतो, पण त्या क्षणी राग नव्हता. लाज होती. जे मी दिलं होतं, त्याची आप्पांनी मजुरी करून टाकली होती. एका हाताच्या झटक्यात. आणि त्यांना त्यात वावगं काही वाटलं नव्हतं. ते खूश होते.

"दुपारी नवरदेवाकडची मंडळी वेशीत येतील," आप्पा म्हणाले. "सनईवाला काय आला न्हाई. तवा तू धोंडिबासंगं फुडं हो. वाजवत आना त्यांना."

"आप्पा," मी म्हणालो, "मी वाजंत्री न्हाई."

"मंग आत्ता काय केलंस?"

"आत्ता मी आहेर दिला. आहेराचे पैसे देत न्हाईत."

आप्पांनी माझ्या शर्टाकडे बघितलं. मग हसले. खरंच हसले, पोट हलवून. "ऐकलं का रं? आहेर म्हनं! तुमचा आहेर कवा घेतला आमी?"

चार-दोन फेटे हसले. मी विलासकडे बघितलं. एवढ्या माणसांत मला तो एकटाच माहीत होता. माझ्या खोलीतल्या भिंतीला पाठ लावून डोळे मिटून बसणारा. तो पुढे आला. माझ्याजवळ वाकला. म्हणाला, "उचल की रं ते. शुभ असतंय. आप्पाचा मान राख."

"विलास, तू मला बोलावलं हुतंस."

"व्हय. म्याच आप्पाला म्हनलं हुतं, सनईवाला न्हाई आला तर माझा दोस्त हाय."

म्हणजे त्यानं बोलावलं होतं ते अडीअडचणीला. कारखान्यात सगळ्यांसमोर हाक मारली होती तेव्हाही त्याच्या मनात हेच होतं. त्याला त्यात खोटं काही वाटत नव्हतं. दोस्तही होतो आणि वाजंत्रीही होतो. त्याच्या घरात या दोन्ही गोष्टी सुखानं शेजारी नांदत होत्या.

धोंडिबा हळूच म्हणाला, "उचल लेकरा. न्हाई तर आमच्यावर यील समदं. तुमी वाजवायचं टाकलं, तवापासनं ते आमच्या गळ्यात हाय."

त्याचं खरं होतं. आम्ही टाकलेलं ओझं त्याच्या खांद्यावर आलं होतं. गावाला काय, कुणी तरी गोणपाटावर लागतंच.

पण मी नाणं उचललं नाही. बुलबुल तिरका केला. नाणं गोणपाटावर पडलं. बुलबुल कापडात गुंडाळला, गाठ मारली आणि उभा राहिलो.

"तुझा बाप न्हवं का, नवरदेव वेशीत येऊस्तवर उन्हात हुबा ऱ्हायचा," आप्पा म्हणाले. आता हसत नव्हते. "एक सबूद न्हाई बोलायचा."

"बा बोलायचा न्हाई. मी बोलतो," मी म्हणालो. "मी न्हाई वाजवनार. ना वेशीत, ना दारात."

मी चालायला लागलो. मागून कुणी तरी जातीवरून शिवी घातली. कुणी तरी म्हणालं, पँट घातली म्हणून काय झालं. नवरीनं मान वर केली नाही. ताशेवाल्यानं नाणं उचललं असेल, त्याला मी दोष देत नाही. वेशीबाहेर आलो. मला कसलीच मर्दुमकी वाटत नव्हती. वाटत होतं फक्त एवढंच की या भागात मला दोस्त म्हणणारं आता कुणी उरलं नाही.

तिथून माझं गाव दोन कोसांवर. भर उन्हात चालत गेलो. केडगावला परत जाववेना. बाला सांगावं, बा पाठीवर हात ठेवील, असं वाटत होतं. दगडाखाली सनई फोडणारा माझा बा. त्याच्याइतकं हे दुसऱ्या कुणाला कळणार होतं?

बा घरापुढे बाभळीची फाटी तोडत होता. जय भीम केला. त्यानं मान हलवली आणि माझ्या हातातल्या गाठोड्याकडे बघितलं.

"ह्ये काय?"

मी कापड सोडलं. आणि सगळं सांगितलं. खोली, बुलबुल, विलास, हळद, नाणं. नाणं उचललं नाही हे सांगताना माझा आवाज चढला असेल. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो.

बानं एक फाटी तोडली. मग म्हणाला, "त्यांच्या अंगनात वाद्य काढलंसच कशाला?"

"मला बोलावलं हुतं."

"मलाबी बोलवायचे."

"बा, मी पाहुना म्हनून गेल्तो."

"गोनपाटावर बसवलं तवा कळलं न्हाई व्हय, पाहुना का कोन त्ये?" बाचा हात कुऱ्हाडीच्या दांड्यावर गच्च होता. "पंधरा वरसं झाली. तुझी आय पानी वाहून मेली. कशापायी? पोरगं माझं पुन्हा त्याच दावनीला जाऊन बसावं म्हनून? त्यांनी हाड म्हनलं, तू कूं केलंस, आन् मंग दात दावलंस. आधी तू वाजवलंसच न्हवं?"

तो म्हणत होता ते सगळं खोटं नव्हतं.

बानं कुऱ्हाड माझ्यापुढे धरली. "फोड."

मी बुलबुल उंबऱ्यावर ठेवला.

"फोड म्हनतो. म्या फोडली तशी. वाद्य घरात हाय तवर बोलावनं येनारच. आज आप्पा आला, उद्या दुसरा कुनी यील. फोड आन् मोकळा हो."

कुऱ्हाड मी हातात घेतली. खरंच घेतली. बुलबुल उंबऱ्यावर होता. बा म्हणत होता तेच सोपं होतं. एक घाव, आणि मी बापाचा मुलगा. वाडा म्हणेल, नामाच्या पोरानं बापाचं नाव राखलं. पुन्हा कुणी ओवाळायचं नाही, कुणी टाकायचं नाही.

पण मग केडगावच्या त्या खोलीत मी काय करणार होतो? माझं मी काय बोलणार होतो? आणि बाची सनई तरी कुणाची होती? गावाची. ती फोडली ते बरं केलं. हा बुलबुल गावाचा नव्हता. तो मी माझ्या हातानं घेतलेला, माझ्या कानानं लावलेला, माझा होता. आमच्या घराण्यात स्वतःच्या मालकीचं पहिलं वाद्य. आप्पानं त्यावर नाणं टाकलं आणि बा त्यावर कुऱ्हाड टाकायला सांगत होता. वाद्य माझं आहे, हे दोघांच्याही ध्यानात येत नव्हतं.

मी कुऱ्हाड भिंतीला टेकवून ठेवली.

"न्हाई बा. न्हाई फोडनार."

"मंग वाजवून दावनार कुनाला?"

"कुनालाच न्हाई."

बा माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसा बघायला लागला. त्याला खरंच कळलं नव्हतं. सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या मांडवाबाहेर वाजवलेला माणूस. त्यानं विचारलं, आणि विचारताना त्याचा आवाज एकदम मऊ झाला, "मंग वाजवायचं कशाला?"

मी म्हणालो, "माझ्यासाठी." बाला ते पुरलं नाही. मलाही तेव्हा ते तोकडंच वाटलं.

मी घरात जाऊन भिंतीशी बसलो आणि वाजवलं. मोकळ्या खुंटीखाली. त्या घरात पहिल्यांदा वाद्य वाजत होतं आणि त्याला कुणाचं बोलावणं आलं नव्हतं. बानं चार-दोन सूर ऐकले असतील. मग तो उठला, खांद्यावर फडकं टाकलं आणि ओढ्याकडे निघून गेला. मी दारातून त्याची पाठ बघत होतो. रडत होतो आणि वाजवत होतो. अंधार पडायच्या आधी शेवटची एसटी होती, ती धरली. बा तोवर परत आला नव्हता.

कारखान्यात विलास माझ्याशी बोलेनासा झाला. शेजारी शेजारी लेथ, आणि शब्द नाही. बाकीच्यांत बातमी पसरली होती. कुणी म्हणायचं बरं केलंस, पण हळूच, आजूबाजूला बघून. बहुतेक जण काहीच म्हणायचे नाहीत. डबा खाताना माझ्याशेजारची जागा रिकामी राहायला लागली.

पावसाळा कोरडाच गेला. दिवाळीनंतर एका संध्याकाळी विलास खोलीवर आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. मी वाजवत होतो, ते थांबवलं.

"चुलतभावाचं लगीन हाय," तो म्हणाला. "आप्पानं सांगितलंय, त्याला बोलव म्हनून. रागावलं न्हाईत ते. उलट म्हनले, पोरगं पानीदार हाय. आता गोनपाट न्हाई. मांडवात बसवत्यात तुला. खुर्चीवर. वाजंत्र्याला आजवर कुनाला दिली न्हाई आप्पानं खुर्ची."

खोटं कशाला बोलू? क्षणभर मला ती खुर्ची दिसली. मांडवाच्या आत, सगळ्यांच्या बरोबरीनं, इस्त्रीच्या शर्टात मी. सहा महिने कुणाशी धड न बोललेल्या माणसाला ती खुर्ची किती मोठी दिसते, ते विलासला माहीत नसेल. त्याला मी विचारलं, "आन् मी नुसतं बसलो तर? वाजवलं न्हाई, नुसतंच जेवायला आलो तर खुर्ची हाय का?"

विलास चप्पल उंबऱ्यावर घासत राहिला.

"मंग ती खुर्ची बुलबुलाला हाय. मला न्हाई."

"अरं पन कला हाय तुझ्यात. घरात कोंडून काय करनार हाईस?"

"कोंडलं न्हाई. दार उघडंच हाय," मी म्हणालो. "आप्पाला सांग, मी घरी वाजवतो. ऐकायचं असंल तर हितं यावं लागंल. जाजम न्हाई, खुर्ची न्हाई. मी बसतो तसं भुईवर बसावं लागंल. माझ्या हातचं पानी प्यावं लागंल. आन् मला वाजवावंसं वाटंल तवाच मी वाजवीन. ऐकून झालं की उठून जायचं. ओवाळायचं न्हाई, काही टाकायचं न्हाई."

"लई चढलास," विलास म्हणाला.

"तुलाबी तेच सांगतो. बसायचं तर आत येऊन बस."

तो उंबऱ्याशी उभा राहिला. मला वाटलं, येईल आत. फार वाटलं. मग त्यानं सायकल वळवली आणि गेला. पुढच्याच आठवड्यात त्यानं पाळी बदलून घेतली. माझ्या शेजारच्या लेथवर आता दुसरा कुणी तरी असतो.

आप्पा आले नाहीत. विलास आला नाही. बानं अजून खोलीत पाऊल टाकलेलं नाही, आणि गावी गेलो की आमच्यात या विषयावर बोलणं होत नाही. एकटेपणा होता तसाच आहे, उलट वाढला आहे. तरीही मी कुणाच्या अंगणात वाद्य काढणार नाही, आणि कुणाच्या सांगण्यावरून ते फोडणारही नाही. कामावरून येतो, हातपाय धुतो, दार सताड उघडतो आणि वाजवायला बसतो.